पान बदलले तरी हेडिंग हवे

गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत थकबाकीची यादी वाटली जाते. आडवा ए-फोर कागद, सव्वाशे सदनिका आणि आठ रकाने: अनुक्रमांक, सदनिका, सभासदाचे नाव, मागील बाकी, चालू मागणी, व्याज, भरणा, येणे बाकी. पहिले पान नीटनेटके असते. चौथ्या पानावर मात्र अगदी वरपासून नुसते आकडे सुरू होतात. ‘८७, बी-४०३’, मग नाव, आणि पुढे ४,२००, १८,०००, ६३०, १२,०००, १०,८३०. यातले ६३० म्हणजे व्याज की दंड? १२,००० भरले आहेत की भरायचे आहेत? हे कळण्यासाठी पहिले पान बघायला हवे, आणि ते तोवर शेजारच्या खुर्चीवर गेलेले असते. सभेत अशा पानावरून जी वादावादी होते, तिच्यात निम्मा वेळ ‘हा रकाना कशाचा’ यातच जातो.

अहवालाचे पान कधी ना कधी सुटे होणार, हे तो बनवणाऱ्याने धरूनच चालावे. कोणी एकाच पानाची झेरॉक्स काढून वकिलाकडे देतो, कोणी एका पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात टाकतो. ग्रामपंचायतीच्या कर मागणीच्या नमुना ९ मधले नेमके एक पान माहितीच्या अधिकारात दोन रुपये भरून मागवता येते. त्या पानावर हेडिंग नसेल तर अर्जदाराच्या हाती पडतात ते बेवारस आकडे.

याचा बंदोबस्त जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये आहे. तरी कार्यालयांत वर्षानुवर्षे चालते ती भलतीच युक्ती: पहिल्या पानावरची हेडिंगची ओळ कॉपी करायची आणि जिथे जिथे नवे पान सुरू होते तिथे पेस्ट करायची. छापील प्रत हातात येईपर्यंत हे झकास दिसते. मग एका सभासदाच्या नावापुढे सहमालकाचे नाव घालावे लागते, ते दोन ओळींत जाते, आणि खालची सगळी यादी एका ओळीने सरकते. पेस्ट केलेले हेडिंग आता पानाच्या दुसऱ्या ओळीवर. आणखी चार दुरुस्त्या झाल्या की ते पानाच्या मध्यावर. कोणी यादी नावाप्रमाणे लावून घेतली, तर ‘सभासदाचे नाव’ ही ओळ ‘स’ने सुरू होणाऱ्या सभासदांमध्ये जाऊन बसते, तीही पानांच्या संख्येइतक्या वेळा.

मजकुराला हातही न लावता यादी सरकू शकते. ए-फोर कागदाची उंची २९७ मिलिमीटर, अमेरिकी लेटर कागदाची साधारण २७९. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये चुकून लेटर राहिले, तर उभ्या पानावर तीनेक ओळी कमी मावतात. देवनागरीत तर फॉन्टचाही फार फरक पडतो. मंगलमध्ये केलेली फाइल दुसऱ्या संगणकावर निर्मला यूआय किंवा नोटोमध्ये उघडली, की ओळींची उंची बदलते, कारण वेलांट्या-मात्रा आणि खालचे उकार यांसाठी प्रत्येक फॉन्ट वेगळी जागा राखतो. म्हणजे तुमच्या संगणकावर जिथे पान संपते तिथेच ते छापखान्याच्या संगणकावर संपेल, याची खात्री कोणीच देऊ शकत नाही.

पान कुठे तुटणार हे सॉफ्टवेअर ठरवते, तर हेडिंग कुठे छापायचे हेही त्यालाच ठरवू द्यावे. आपण फक्त इतके सांगायचे, की अमुक ओळी हेडिंगच्या आहेत.

एक्सेलमध्ये

एक्सेलपासून सुरुवात करू, कारण निम्म्या याद्या तिथेच जन्मतात. ‘पेज लेआउट’ टॅबवर ‘प्रिंट टायटल्स’ दाबा. उघडलेल्या चौकटीत ‘रोज टू रिपीट अ‍ॅट टॉप’ असा रकाना आहे. त्यात क्लिक करून शीटवर हेडिंगच्या ओळी निवडा. ‘$४:$५’ असे काहीतरी तिथे उमटेल. ओके. काम झाले.

चार आणि पाच का, एकपासून का नाही? पहिल्या तीन ओळींत संस्थेचे नाव, नोंदणी क्रमांक, पत्ता आणि ‘दिनांक अमुक अखेर थकबाकी यादी’ असा मजकूर असतो. तो दर पानावर छापला, तर पानाचा मोठा तुकडा त्यातच जातो. चौथी-पाचवी ओळ सांगितली की पहिल्या पानावर सगळे जसेच्या तसे येते आणि दुसऱ्या पानापासून फक्त रकान्यांची नावे. संस्थेचे नाव दर पानावर हवेच असेल, तर ते ‘हेडर/फूटर’मध्ये बारीक अक्षरात टाका. पानाचा क्रमांकही तिथेच, आणि तो ‘७ पैकी ४’ अशा रूपात. सुट्या पानाला आपण कोणत्या अहवालाचे कितवे पान आहोत हे सांगता आले पाहिजे.

हेडिंग दुमजली असेल, म्हणजे वर ‘मागणी’ व ‘वसुली’ आणि प्रत्येकीखाली ‘मूळ’ व ‘व्याज’ असे दोन रकाने, तर दोन्ही ओळी निवडायच्या. वरची मर्ज केलेली ओळ राहून गेली, की पुढच्या पानांवर ‘मूळ, व्याज, मूळ, व्याज’ असे चार रकाने दिसतात आणि कोणते मागणीचे, कोणते वसुलीचे हे ओळखू येत नाही. ओळी सलग हव्यात. दुसरी आणि पाचवी निवडून मधल्या दोन गाळायची सोय इथे नाही.

सर्वांत मोठा घोटाळा ‘फ्रीझ पेन्स’चा. पडद्यावर खाली गेले तरी हेडिंग वर चिकटून राहते, म्हणून छपाईतही राहील असे वाटते. एक्सेलमध्ये या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. ‘फॉरमॅट अ‍ॅज टेबल’ केल्यावर वरच्या ए-बी-सीच्या जागी रकान्यांची नावे येतात, तीही पडद्यापुरतीच. गूगल शीट्समध्ये मात्र उलट आहे. तिथे ओळ फ्रीझ केली, की छपाईच्या सेटिंगमध्ये ‘रिपीट फ्रोझन रोज’ हा पर्याय मिळतो. दोन्हीकडे काम करणाऱ्यांची गल्लत होते ती इथेच.

कधी कधी ‘प्रिंट टायटल्स’ फिके दिसते, दाबताच येत नाही. अशा वेळी एखादा सेल अर्धवट टंकलेल्या अवस्थेत उघडा असतो (एस्केप दाबा), किंवा शीटवरचा एखादा आलेख निवडलेला असतो, किंवा संगणकाला एकही प्रिंटर जोडलेला नसतो. चौकट उघडते पण ओळींचा रकाना बंद आहे, तर बहुधा एकापेक्षा जास्त शीट निवडलेल्या असतात, किंवा तुम्ही प्रिंट प्रिव्ह्यूमधून तिथे आलेले असता. ही सेटिंग शीटगणिक वेगळी असते. ए, बी, सी विंगच्या तीन शीट असतील तर तीनदा करा. शीटची कॉपी काढून पुढची विंग बनवली तर सेटिंगही सोबत येते, म्हणून आधी एक शीट पक्की करून मग तिच्या प्रती काढणे सोयीचे.

रकाने जास्त झाल्याने उजवीकडचे दोन वेगळ्या पानावर जात असतील, तर हेडिंगचा प्रश्न सोडवण्याआधी तो सोडवा. ‘स्केल टू फिट’मध्ये रुंदी एक पान, उंची ‘ऑटोमॅटिक’. उंचीतही एक पान ठेवले, तर सव्वाशे सदनिका एका पानावर कोंबल्या जातात आणि अक्षरे मुंगीएवढी होतात. ‘फिट’ केलेली यादी वाचायला भिंग लागले, तर त्यापेक्षा दोन रकाने काढून टाकलेले परवडले.

वर्डमध्ये

वर्डमध्ये हेडिंगच्या ओळीत कर्सर ठेवा, ‘टेबल लेआउट’ टॅबवर ‘रिपीट हेडर रोज’ दाबा. शेजारच्या ‘टेबल डिझाइन’ टॅबवर ‘हेडर रो’ अशी एक चौकट असते. ती बरोबर दिसते, नाव जवळपास तेच आहे, पण तिच्यामुळे फक्त पहिल्या ओळीचा रंग आणि ठळकपणा बदलतो. ‘टिक केले आहे, तरी येत नाही’ ही तक्रार ऐकली, की आधी टिक कुठे केले ते विचारावे.

बरोबर ठिकाणी टिक करूनही हेडिंग येत नसेल, तर कारणे मोजकीच आहेत. निवडीत टेबलाची अगदी पहिली ओळ नसेल, तर वर्ड ऐकत नाही. दुसरी-तिसरी ओळ हेडिंग आणि पहिली साधी, हे त्याला मान्य नाही. त्यामुळे अहवालाचे शीर्षक टेबलाच्या पहिल्या ओळीत टाकण्याची सवय सोडा, ते टेबलाच्या बाहेर वर लिहा. ‘टेबल प्रॉपर्टीज’मध्ये ‘टेक्स्ट रॅपिंग’ ‘अराउंड’ असेल, तर टेबल तरंगते होते आणि हेडिंग पुढे जात नाही. ते ‘नन’ करा. माउसने टेबल इकडेतिकडे ओढले की वर्ड न विचारता ‘अराउंड’ करून टाकते, म्हणून हे कारण फार आढळते. कोणी कंट्रोल-एंटर दाबून टेबलाच्या मध्येच पान तोडले असेल, तर त्या पानावर हेडिंग उमटत नाही, कारण वर्ड फक्त स्वतः तोडलेल्या पानावर ते छापते. आणि हे टेबल दुसऱ्या टेबलाच्या सेलमध्ये बसवलेले असेल, तरी नाही. पानाची चौकट म्हणून बाहेर एक मोठे टेबल काढायची पद्धत जुन्या कार्यालयीन नमुन्यांत सर्रास असते. तिथे पानाच्या किनारीसाठी ‘पेज बॉर्डर्स’ वापरून बाहेरचे टेबल काढून टाकावे लागते.

पुढच्या पानांवरची हेडिंगे ‘प्रिंट लेआउट’ दृश्यातच दिसतात आणि त्यांत काही बदलता येत नाही. बदल पहिल्या ओळीत करायचा, बाकीची आपोआप सुधारतात.

‘टेबल प्रॉपर्टीज’च्या ‘रो’ टॅबवर आणखी एक टिक आहे: ‘अलाउ रो टू ब्रेक अक्रॉस पेजेस’. आकड्यांच्या यादीत ती काढून टाका. नाहीतर दोन ओळींचे नाव अर्धे या पानावर आणि अर्धे त्या पानावर जाते. पण इतिवृत्ताच्या किंवा लेखापरीक्षणाच्या दोषदुरुस्ती अहवालात, जिथे ‘खुलासा’ रकान्यात पाव-पाव पान मजकूर असतो, तिथे ती राहू द्यावी. ओळ अखंड ठेवायचा हट्ट धरला, तर पानांच्या तळाशी मोठमोठी रिकामी जागा पडते.

लिब्रेऑफिस रायटरमध्ये हेच सगळे ‘टेबल प्रॉपर्टीज’च्या ‘टेक्स्ट फ्लो’ टॅबवर ‘रिपीट हेडिंग’ नावाने मिळते आणि किती ओळी तेही सांगता येते. गूगल डॉक्समध्ये ‘पिन हेडर रो’.

हेडिंग अशा पद्धतीने सांगण्याचा एक फायदा छपाईपलीकडचा आहे. स्क्रीन रीडर वापरणाऱ्या दृष्टिहीन वाचकाला सॉफ्टवेअर सेल वाचून दाखवताना रकान्याचे नाव सांगू शकते, कारण ती ओळ हेडिंगची आहे हे फाइलमध्ये नोंदलेले असते. हाताने पेस्ट केलेले हेडिंग त्याच्या लेखी आणखी एक सभासद.

अहवाल प्रोग्राममधून येत असेल तर

संस्थेचे किंवा पतसंस्थेचे अकाउंटिंग सॉफ्टवेअर एका बटणावर पीडीएफ काढून देते, तेव्हा वरचे काहीच तुमच्या हातात नसते. ते काम प्रोग्रामरचे. पण ‘पुढच्या पानांवर हेडिंग येत नाही’ एवढेच सांगण्यापेक्षा नेमके काय करायचे ते सांगितले, तर दुरुस्ती लवकर होते. म्हणून थोडे त्यांच्यासाठीही.

अहवाल एचटीएमएलमधून पीडीएफ होत असेल, तर हेडिंगच्या ओळी ‘टी-हेड’ टॅगमध्ये असायला हव्यात आणि बाकीच्या ‘टी-बॉडी’मध्ये. मग छपाईत ब्राउझर त्या दर पानावर स्वतः आणतो. टेबलाऐवजी नुसत्या ‘डिव्ह’ टॅगांनी रकाने मांडले असतील, तर ब्राउझरला हेडिंग कोणते ते कळायचा मार्गच राहत नाही. सीएसएसमध्ये ओळींना ‘ब्रेक-इनसाइड : अव्हॉइड’ दिले म्हणजे ओळ मधून चिरली जात नाही. हेडिंग फार उंच करू नका. त्याने पानाच्या उंचीच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त जागा घेतली, तर ते पुन्हा छापण्याचे बंधन सीएसएसचे टेबलविषयक नियम ब्राउझरवर घालत नाहीत. लोगो, पत्ता आणि तीन ओळींची सूचना ‘टी-हेड’मध्ये भरणाऱ्यांना हा फटका बसतो.

‘टी-फूट’ची गंमत वेगळी. एकूण बेरीज त्यात ठेवली, की ती प्रत्येक पानाच्या तळाशी छापली जाते. वाचणारा तिला त्या पानाची बेरीज समजतो, हिशेब जुळवायला बसतो, आणि तो काही केल्या जुळत नाही. एकूण बेरीज ‘टी-बॉडी’च्या शेवटच्या ओळीत ठेवा, किंवा ‘टी-फूट’चा ‘डिस्प्ले’ बदलून ‘टेबल-रो-ग्रुप’ करा. हेडिंग गायब होण्यापेक्षा हा दोष जास्त घातक, कारण गायब झालेले हेडिंग निदान डोळ्यांना खटकते.

‘डब्ल्यूके-एचटीएमएल-टू-पीडीएफ’ हे फुकट साधन अजून अनेक ठिकाणी चालू आहे. त्यात हेडिंग पुढच्या पानावर येते, पण पहिल्या ओळीच्या अंगावर छापले जाते. वर सांगितलेला ओळ न चिरण्याचा नियम, तिथे त्याच्या जुन्या ‘पेज-ब्रेक-इनसाइड’ या नावाने, दिला की बहुतेक वेळा सुटते. तरी या साधनाचा विकास थांबलेला आहे. नवे काम त्यावर उभारू नये.

मायक्रोसॉफ्टच्या एसएसआरएसमध्ये ‘रिपीट हेडर रोज ऑन ईच पेज’ अशी स्पष्ट चौकट आहे आणि साध्या टेबलात ती टिक करून अनेकदा काहीच होत नाही. खरा रस्ता आडबाजूला आहे: खालच्या गटांच्या पट्टीत ‘कॉलम ग्रुप्स’शेजारच्या बाणातून ‘अ‍ॅडव्हान्स्ड मोड’ चालू करा, ‘रो ग्रुप्स’मधला सर्वांत वरचा ‘स्टॅटिक’ निवडा, त्याच्या गुणधर्मांत ‘रिपीट-ऑन-न्यू-पेज’ला ट्रू आणि ‘कीप-विथ-ग्रुप’ला आफ्टर द्या. हेडिंगच्या दोन ओळी असतील तर दोन्ही स्टॅटिकना. क्रिस्टल रिपोर्ट्समध्ये रकान्यांची नावे पेज हेडरमध्ये ठेवावीत. जॅस्परमध्ये ‘कॉलम हेडर’ पट्टा आपणहून दर पानावर येतो.

पायथॉनवाल्यांसाठी: रिपोर्टलॅबच्या टेबलला ‘रिपीट-रोज’ द्यायचे, ओपन-पाय-एक्सेलमध्ये ‘प्रिंट-टायटल-रोज’. एक्सएलएसएक्स-रायटरमध्ये ओळींची मोजणी शून्यापासून होते, त्यामुळे चौथी-पाचवी ओळ हवी तर तीन आणि चार लिहायचे. वर्डची फाइल बनवणाऱ्या पायथॉन-डॉक्समध्ये मात्र यासाठी सरळ सोय नाही. हेडिंगच्या प्रत्येक ओळीच्या गुणधर्मांत ‘टीबीएल-हेडर’ हा घटक स्वतः घालावा लागतो.

विंगचे नाव आणि पानाची बेरीज

रकान्यांची नावे आली, तरी यादी गटवार असेल तर अर्धे काम उरते. ‘बी विंग’ हे उपशीर्षक तिसऱ्या पानाच्या मध्यावर आले आणि विंग पाचव्या पानापर्यंत चालली, तर चौथ्या पानावरचा ४०३ कोणत्या विंगचा? एसएसआरएस आणि क्रिस्टलमध्ये गटाचे हेडिंगही पुन्हा छापता येते. क्रिस्टलमध्ये तर ते पुन्हा आलेले आहे की पहिल्यांदा हे तपासणारे फंक्शन आहे, त्यामुळे त्यापुढे ‘मागील पानावरून पुढे’ असे शब्द जोडता येतात. एक्सेल आणि वर्डमध्ये ही सोय नाही. तिथे सोपी वाट म्हणजे सदनिका क्रमांकातच विंग लिहिणे, नुसते ४०३ न लिहिता बी-४०३. फारच मोठी यादी असेल, तर प्रत्येक विंग नव्या पानावर सुरू करा. चार कागद जास्त लागतील, लागू देत.

हाताने रोजकीर्द लिहिणारे कारकून पानाच्या तळाशी बेरीज ओढून ‘पुढे नेले’ लिहीत आणि नव्या पानाच्या माथ्यावर तीच रक्कम ‘मागून आणले’ म्हणून घेत. छापील अहवालात ही पद्धत आता विरळ झाली आहे, पण पैशांच्या लांब यादीत ती अजूनही फार उपयोगी आहे. लेखापरीक्षक एखादे पान तपासून बाजूला ठेवू शकतो. अहवालाच्या साधनांत पानापुरती बेरीज करता येते. लाटेकच्या ‘लाँगटेबल’मध्ये पहिल्या पानाचे हेडिंग, पुढच्या पानांचे हेडिंग, मधल्या पानांचा तळ आणि शेवटच्या पानाचा तळ असे चार वेगळे भाग देता येतात, ‘पुढील पानावर चालू’ हे शब्द टाकायला त्याइतकी सुटसुटीत व्यवस्था दुसरीकडे क्वचितच मिळेल. एक्सेलमध्ये मात्र हे हाताने करायला जाऊ नका. पुन्हा त्याच सरकत्या ओळींच्या फेऱ्यात अडकाल.

शेवटच्या पानाकडेही बघा. यादी बरोबर पान भरून संपली, तर पुढच्या पानावर हेडिंग, त्याखाली एकच ‘एकूण’ची ओळ आणि खाली अध्यक्ष, सचिव, खजिनदार यांच्या सह्या असे दृश्य तयार होते. सहीच्या पानावर एकही नोंद नसावी हे कोणालाच पटत नाही. असे पान कोणत्याही यादीला जोडता येते. वर्डमध्ये शेवटच्या तीन-चार ओळी निवडून परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये ‘कीप विथ नेक्स्ट’ द्या, म्हणजे त्या बेरजेसोबत पुढच्या पानावर जातील. उलट यादीच्या दोनच ओळी पुढच्या पानावर सांडत असतील, तर हेडिंगची काळजी सोडून समास थोडे कमी करा आणि सगळे एका पानावर आणा.

तपासणी पडद्यावर करून भागत नाही, पीडीएफ काढून करा. खऱ्या माहितीवर तर कराच, पण मुद्दाम बनवलेल्या माहितीवरही करा: एका पानात नेमकी मावेल इतकी यादी, तिच्यापेक्षा एक ओळ जास्त, आणि एक यादी जिच्यात पान संपता संपता तीन ओळींचे नाव येते. बहुतेक दोष या तीन याद्यांत सापडतात. मग मधले एखादे पान एकटे छापून यादी न पाहिलेल्या माणसाला द्या आणि ‘बी-४०३ चे व्याज किती’ एवढेच विचारा.

हेडिंग पुन्हा नको असते अशी एक जागा आहे. तीच यादी कोणाला एक्सेलमध्ये काम करण्यासाठी हवी असते, तेव्हा काही साधने पीडीएफची मांडणी जशीच्या तशी शीटमध्ये ओततात, आणि दर पंचवीस-तीस ओळींनंतर ‘मागील बाकी, चालू मागणी’ अशी ओळ डेटामध्ये घुसते. फिल्टर बिघडतो, पिव्हट टेबल बिघडते. सॉफ्टवेअर देणाऱ्याकडे म्हणूनच दोन वेगळी बटणे मागून घ्या: छपाईची पीडीएफ, जिच्यात दर पानावर हेडिंग असेल, आणि कोरी सीएसव्ही, जिच्यात ते फक्त पहिल्या ओळीत असेल.